डांबराची बाहुली आणि पन्नास फुटांची घसरण

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या ऑरलँडो शहराजवळ डिस्ने कंपनीचं ‘मॅजिक किंग्डम’ हे थीम पार्क आहे. तिथे २८ जून २०२४ रोजी ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ ही नवी राईड सुरू झाली. तिला नवी म्हणायचं ते अर्ध्याच अर्थाने. डोंगर जुना, पाण्याचा पाट जुना, ओंडक्याच्या आकाराच्या होड्यांची कल्पना जुनी आणि शेवटची सुमारे पन्नास फुटांची घसरणही जुनीच. बदलली आहे ती गोष्ट. याच डोंगरात १९९२पासून ‘स्प्लॅश माउंटन’ ही राईड होती. जून २०२०मध्ये ती बदलण्याची घोषणा झाली आणि जानेवारी २०२३मध्ये ती बंद झाली.

लोककथांचे पाठभेद जमवणं हा माझा वीसेक वर्षांचा नाद आहे. त्याला पदवीचा आधार नाही की विद्यापीठाचा. २०२४च्या ऑगस्टमध्ये भाचीकडे जाणं झालं तेव्हा ही राईड पाहिली. मला नव्या गोष्टीइतकंच कुतूहल होतं काढून टाकलेल्या गोष्टीचं, कारण तिचं एक टोक थेट जातककथांपर्यंत येऊन पोचतं.

आधी ती जुनी गोष्ट. ससोबाला पकडण्यासाठी कोल्होबा डांबराची बाहुली करतो आणि रस्त्याकडेला बसवतो. ससोबा येतो, बाहुलीला रामराम करतो. ती बोलत नाही. हा उद्धटपणा सहन न होऊन तो तिला एक ठोसा मारतो. हात चिकटतो. दुसरा हात, मग एक पाय, दुसरा पाय आणि शेवटी डोकं. असा पाचही ठिकाणी तो चिकटतो. कोल्होबा आता त्याला खाणार. तेव्हा ससोबा गयावया करतो, की मला भाजून खा, फाशी दे, बुडव, पण त्या काटेरी जाळीत तेवढं फेकू नको. कोल्होबाला त्याचे जास्तीत जास्त हाल करायचे असतात, म्हणून तो त्याला तिथेच फेकतो. ससोबाचा जन्म त्या जाळीतलाच. तो हसत पसार होतो.

‘स्प्लॅश माउंटन’ची सगळी मांडणी या शेवटावर उभी होती. होडी हळूहळू वर चढायची, वाटेत गिधाडं बसलेली असायची, ससा गयावया करताना दिसायचा आणि मग होडी काटेरी जाळीत कोसळायची. प्रवासी किंचाळायचा, भिजायचा आणि सुखरूप आहोत हे कळल्यावर हसायचा. म्हणजे सशावर बेतलेला प्रसंग प्रवाशाच्या अंगावरच यायचा. घसरगुंडीचा गोष्टीशी इतका नेमका सांधा जुळल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

मग ती काढली का? गोष्टीच्या वेष्टनामुळे. ती रचली आणि सांगितली ती अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवर राबणाऱ्या काळ्या गुलामांनी. जोएल चँडलर हॅरिस हा गोरा पत्रकार किशोरवयात जॉर्जियातल्या टर्नवोल्ड मळ्यावरच्या छापखान्यात उमेदवारी करत होता. तिथे त्याने अशा गोष्टी ऐकल्या. पुढे त्याने त्या अटलांटाच्या वर्तमानपत्रात लिहिल्या आणि १८८०च्या अखेरीस त्यांचं पुस्तक काढलं. सांगणारा म्हणून त्याने ‘अंकल रीमस’ हा वृद्ध, समाधानी, गोऱ्या घरातल्या मुलाला गोष्टी सांगणारा काळा माणूस कल्पिला. वेष्टन म्हणतो ते हे. गोष्ट मालकावर मात करण्याची आणि ती सांगणारा मात्र मालकाच्या घरात खूश!

डिस्नेने १९४६मध्ये यावर ‘साँग ऑफ द साउथ’ हा चित्रपट काढला. त्याचा पहिला खेळ अटलांटात झाला. शहरात वंशभेदाचे कायदे होते, त्यामुळे रीमसची भूमिका करणारे जेम्स बास्केट त्या समारंभाला हजर राहू शकले नाहीत. मालक आणि गुलाम यांच्या नात्याचं गोडगोड चित्र रंगवल्याबद्दल काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने तेव्हाच आक्षेप घेतला होता. १९८६नंतर हा चित्रपट अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला नाही आणि तिथे घरी पाहण्यासाठीही कधी विक्रीला आला नाही. तरीही कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९८९ साली त्याच्यावरची राईड उभी राहिली. तिच्यात रीमस नव्हता आणि डांबराची बाहुलीही नव्हती. ‘टार बेबी’ हा शब्द तोवर काळ्या माणसांना हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला होता. म्हणून राईडमधला ससा मधाच्या पोळ्याला चिकटायचा. म्हणजे खाडाखोड तेव्हाच सुरू झाली होती.

आता गोष्टीचं दुसरं टोक. पंचावन्नावं जातक ‘पंचावुध जातक’ या नावाचं आहे. मराठी वाचकाला ते दुर्गाबाई भागवतांच्या ‘सिद्धार्थ जातक’मुळे जवळचं झालं. तक्षशिलेहून परतणाऱ्या राजपुत्राला अरण्यात सिलेसलोम, म्हणजे चिकट केसांचा यक्ष, अडवतो. राजपुत्राचे बाण, तलवार, भाला, गदा सगळं त्याच्या केसांना चिकटतं. मग तो उजव्या हाताने मारतो, डाव्या हाताने, दोन्ही पायांनी आणि शेवटी डोक्याने. पाचही अंगांनी अडकूनही तो घाबरत नाही. माझ्या पोटात वज्र आहे, मला खाल्लंस तर तुझ्या आतड्यांचे तुकडे होतील, असं तो बजावतो. वज्र म्हणजे ज्ञान. यक्ष त्याला सोडून देतो. संयुत्तनिकायातल्या मक्कट सुत्तात हाच सापळा माकडासाठी आहे. शिकाऱ्याने लावलेल्या चिकाला दोन हात, दोन पाय आणि तोंड अशा पाच ठिकाणी ते चिकटतं. तिथे पाच म्हणजे पाच इंद्रियांचे विषय. ते माकड मात्र सुटत नाही.

हे साम्य जोसेफ जेकब्स यांनी १८९२च्या आपल्या भारतीय परीकथांच्या पुस्तकात दाखवलं. पुढे ऑरेलिओ एस्पिनोसा यांनी या कथेचे २६७ पाठ गोळा करून वर्गवारी केली आणि तिचं मूळ भारतात असल्याचं मांडलं. दुसरीकडे पश्चिम आफ्रिकेत अनान्सी या कोळ्याच्या कथांमध्येही चिकाची बाहुली आहे आणि गुलामांनी ती गोष्ट आफ्रिकेतूनच नेली, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. ‘मूळ आमचंच’ म्हणून मिरवण्यात मला रस नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की सापळा तोच ठेवून प्रत्येकाने सुटका आपापली शोधली. भिक्खूंनी राजपुत्राच्या पोटात ज्ञान ठेवलं. ज्याचा देहसुद्धा मालकाच्या नावावर होता, त्याने सशाच्या तोंडी नुसतं बोलणं दिलं आणि मालकाला जी शिक्षा वाटते तेच आपलं घर, ही खूण पुढच्या पिढीला देऊन ठेवली.

नव्या राईडमध्ये काय आहे? २००९च्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या चित्रपटातली टियाना ही डिस्नेची पहिली काळी राजकन्या. न्यू ऑर्लिन्स शहरातली, स्वतःचं उपाहारगृह काढणारी. राईडमध्ये आता ती मिठाच्या जुन्या खाणीत सहकारी तत्त्वावर खाद्यपदार्थांचा उद्योग चालवते. तिला मेजवानीसाठी वादक हवे आहेत आणि ते शोधायला आपण तिच्यासोबत दलदलीच्या पाण्यातून निघतो. प्राणी वाजवत, गात भेटतात. मामा ओडी नावाची जादूगारीण आपल्याला बेडकाएवढं करते. मग फुलं छतासारखी डोक्यावर येतात. परत माणसाएवढं होण्यासाठी ती घसरण आणि खाली गाणं-बजावणं. बाहुल्यांची हालचाल इतकी जिवंत आहे की टियानाच्या चेहऱ्यावरून नजर हलत नाही. आमच्या पुढच्या होडीत एक काळं कुटुंब होतं. त्यातली फुगेवाल्या बाह्यांचा हिरवा झगा घातलेली लहान मुलगी टियाना दिसली की प्रत्येक वेळी उभी राहू पाहायची आणि आई तिला खाली बसवायची. त्या मुलीला या डोंगरात आपल्यासारखी नायिका दिसते, ही मोठी गोष्ट आहे.

पण या गोष्टीत शत्रू नाही, संकट नाही. कोणी कोणाला फसवत नाही. त्यामुळे ती घसरण आता निव्वळ घसरण उरली आहे. पोटात गोळा येतो. तो कशासाठी, याला गोष्टीत उत्तर नाही. वादकांत एक ससा आहे खरा, पण त्याला आता कोणाच्या तावडीतून सुटायचं नाही.

हॅरिसच्याच गावी, ईटनटनला जन्मलेल्या कादंबरीकार ॲलिस वॉकर यांनी अंकल रीमसवर एक संतप्त निबंध लिहिला आहे. त्यांची तक्रार गोष्टींबद्दल नव्हतीच. आपल्या घरात आईवडील सांगत त्या गोष्टी हॅरिसने आणि चित्रपटाने अशा रूपात परत दिल्या, की आपल्यालाच त्यांची लाज वाटू लागली, हे त्यांचं दुःख होतं. टोनी मॉरिसन यांनी तर १९८१च्या कादंबरीला ‘टार बेबी’ हेच नाव दिलं. म्हणजे ज्यांची गोष्ट, त्यांनी ती टाकली नव्हती. अंकल रीमस जायलाच हवा होता. त्याच्याबरोबर गुलामांचा ससाही गेला, कारण हे दोघे वेगळे आहेत हे सांगत बसण्यापेक्षा सगळंच पुसणं व्यापाराला सोपं जातं.

टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये जुनी राईड अजून चालू आहे. कॅलिफोर्नियातली बदललेली नोव्हेंबर २०२४मध्ये उघडली. राईड राहो वा जावो, दोन हजार वर्षं यक्ष, माकड, कोळी, ससा अशी रूपं घेत आलेली ही कथा एका डोंगरावर अवलंबून नाही. आपल्याकडेही अनेक लोककथांना जातीची, बाईच्या हेटाळणीची वेष्टनं आहेत आणि ती काढायलाच हवीत. काढताना आतली गोष्ट मुळात कोणी, कोणाविरुद्ध सांगितली होती, एवढं विचारून घ्यावं.