चितेगांवच्या बाजूची बारमाही भाजीबाग

भाजीपाला हा हिंवाळ्याचा माल आणि उन्हाळ्यांत मळा मोकळा ठेवावयाचा, अशी समजूत मराठवाड्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांत रूढ आहे. विलायती बागाईतीच्या पुस्तकांत याच्या अगदीं उलट सांगितलेलें असतें. त्या देशांत कडक थंडीबरोबर बाग मिटते व वसंतांत पुन्हां उघडते. म्हणून तेथील सारें वेळापत्रक हिंव पडण्याच्या तारखेवरून मोजतात. आपल्याकडे छत्रपति संभाजीनगरच्या परिसरांत डिसेंबरच्या रात्रीं पारा साधारणतः दहा-बारा अंशांवर थांबतो, आणि मे महिन्यांत दुपारीं चाळिशीस भिडतो. तेव्हां पिकांस अडविणारा आपला ऋतु म्हणजे मार्चअखेरपासून मृगापर्यंतचा उन्हाळा होय. बारमाही भाजीचा बेत त्या अडीच महिन्यांपासून आंखावा, असें आमचें मत आहे. कार्तिकांत भरलेली विहीर पाहून जो वर्षाचा बेत करतो, त्याची बाग चैत्रांत सुकते.

चितेगांव हें पैठणच्या रस्त्यावरील गांव. दक्षिणेस, १९७६ सालीं पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर पसरलेला आहे व त्याचें पाणी फारोळ्यास शुद्ध होऊन शहराकडे जातें. परंतु धरणाचे दोन्ही कालवे पैठणच्या खालच्या मुलुखाकडे उतरलेले. त्यामुळें या बाजूच्या मळेकऱ्याची भिस्त विहिरीवर व बोअरवर. पाऊस वर्षास सातशें मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही १९७२, २०१२ व २०१५ सालांप्रमाणें दगा देणारा. सोय एवढीच कीं, जवळ कारखाने आहेत, शहर आहे आणि पहाटे काढलेली पालेभाजी जाधववाडीच्या बाजारांत ताजी पोंचते. उन्हाळ्यांत माल तुटला कीं दर चढतो, हें सांगावयास नको.

म्हणून प्रथम पाण्याचा हिशेब, आणि तो गुंठ्यावर करावा. गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ शंभर लिटर. भर वाढींतील भाजीस डिसेंबरांत रोज तीन-चार मिलिमीटर पाणी पुरतें, मे महिन्यांत तें आठाच्या घरांत जातें. म्हणजे दहा गुंठ्यांस थंडींत रोज तीन-चार हजार लिटर, उन्हाळ्यांत आठ हजार. हा हिशेब ठिबकचा आहे. पाटानें दिल्यास वाटेंत मुरणारें पाणी निराळें. आतां वैशाखांत आपली विहीर काय देते तें पाहावें. दोनशें लिटरचें पिंप नळीखालीं ठेवून तें किती सेकंदांत भरतें तें मोजावें. पन्नास सेकंदांत पिंप भरत असेल आणि अर्ध्या तासांत पाणी तुटत असेल, तर तो सुमारें सात हजार लिटरांचा उपसा झाला. दिवसांतून असा एकच उपसा मिळत असेल, तर मे महिन्यांत नऊ गुंठ्यांपेक्षां अधिक भाजी उभी ठेवूं नये. उरलेली जमीन नांगरून तापूं द्यावी. तिला तेंही हवेंच असतें.

या नऊ गुंठ्यांत भेंडी, गवार, दोडका, कारलें, दुधी, काकडी यांसच जागा द्यावी. पेरणी जानेवारीअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आटोपली पाहिजे, म्हणजे ऊन तापण्यापूर्वीं मुळें खोल जातात. मात्र भेंडीचें बीं थंड मातींत कुजतें. तें रात्रभर भिजवून, सकाळची थंडी ओसरूं लागल्यावर टोकावें. वेलवर्गाचीं रोपें पिशवींत करून लावलीं तर तीन आठवडे वांचतात. भेंडीची खरी अडचण पांढऱ्या माशीनें पसरणारा केवडा रोग ही आहे. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांच्या बीजव्यवसायाचा आरंभ ज्या पुसा सावनी भेंडीपासून झाला, ती पुढें या रोगापुढें टिकली नाहीं. १९८५ सालीं परभणीच्या कृषि विद्यापीठानें परभणी क्रांति ही जात दिली. तिनें बरींच वर्षें तारलें, तरी तिच्या भरंवशावर रोगट झाडें शेतांत ठेवणें हा आळस होय. पिवळें झाड दिसलें कीं उपटून पुरावें.

टोमॅटोबद्दल पुष्कळांचा आग्रह असतो. दिवसा पस्तीस व रात्रीं बावीस-तेवीस अंशांवर पारा राहूं लागला, कीं परागकण निकामी होतात व फूल गळतें. झाड हिरवेंगार, फळ मात्र नाहीं, असें पाहून कित्येक जण आणखी खत ओततात. त्यानें पालाच वाढतो. त्यापेक्षां माठ व चुका यांचे वाफे शेवरीच्या वा मक्याच्या ओळीच्या पूर्वेस करावे, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या उन्हाचा मारा चुकतो. उसाच्या पाचटाचें चार बोटें आच्छादन घातलें तर पाण्याची पाळी लांबते.

थंडीविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. तेव्हां सर्वच येतें. केवळ फुलकोबीची जात ऋतु पाहून घ्यावी. उशिराची जात लवकर लाविली तर नुसता पाला, आणि लवकरची जात उशिरा लाविली तर बोराएवढा गड्डा पदरीं पडतो. मेथी, कोथिंबीर, मुळा हीं दर पंधरा दिवसांनीं थोडथोडीं पेरावीं; एकदम पेरणाऱ्यास एकदमच विकावीं लागतात.

पावसाळ्यांत संकट उलटें. भारी काळ्या जमिनींत दोन दिवस पाणी सांचलें तर मिरची-वांग्याचीं मुळें गुदमरतात. म्हणून पावसाळी भाजी मुरमाड, उतरत्या तुकड्यांत वरंब्यावर घ्यावी व काळी जमीन थंडीसाठीं राखावी. खरीप कांद्याचें रोप मात्र रोहिणींतच टाकावें लागतें, म्हणजे विहीर तळास गेलेली असतां. त्याकरितां वरील नऊ गुंठ्यांतून एक गुंठ्याचें पाणी आधींच राखून ठेवावें. गादीवाफे ३ मीटर लांब, १ मीटर रुंद व वीतभर उंच करावे, बीं ओळींत पेरावें आणि उगवेपर्यंत वर ओलें पोतें झांकावें. सकाळ-संध्याकाळ झारीनें पाणी दिल्यास रोप सहा-सात आठवड्यांत लावणीस येतें.