विकलेले वाहन परत बोलाविण्याची रीत

गेल्या वर्षी आम्ही सपत्नीक आमच्या ज्येष्ठ कन्येकडे अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात दोन महिने राहून आलो. तिच्याकडे तिकडील गृहस्थी माणसांच्या आवडीची मिनीव्हॅन आहे. सात-आठ माणसे बसतील, मुलांची दप्तरे व आठवड्याचा किराणा मावेल, बाजूची दारे सरकून उघडतील आणि वृद्धांस पाय फार उचलावा लागणार नाही, असे ते वाहन होय. एके दिवशी टपालात जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर वाहन-कंपनीचे एक पत्र आले. ते न फोडताच केराच्या टोपलीत जाणार होते. परंतु पेढीवर आलेले कोणतेही टपाल वाचल्याशिवाय टाकावयाचे नाही ही आमची चाळीस वर्षांची सवय, म्हणून आम्ही ते नातवाकडून मागून घेतले. हे पत्र कायद्यान्वये पाठविले जात आहे, असे आरंभीच लिहिले होते. पुढे मजकूर असा की, आपल्या वाहनात सुरक्षिततेस बाधक असा दोष आढळला असून तो अधिकृत कारखान्यात विनामूल्य दुरुस्त करून मिळेल.

आम्ही चकित झालो. आपल्या मालात खोट आहे असे विक्रेत्याने आपण होऊन गिऱ्हाइकास लेखी कळवावे, तर त्याची पत राहील कशी? आमचे जावई हसून म्हणाले, “बाबा, अशी पत्रे येथे सर्वांना येतात.” या ‘रिकॉल’च्या पद्धतीविषयी आम्ही तेव्हापासून जे वाचले व विचारून घेतले, ते आपल्या व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेत यासंबंधीचा कायदा 1966 साली झाला व त्याची अंमलबजावणी करणारे स्वतंत्र सरकारी खाते 1970 साली स्थापन झाले. त्याचे नाव नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. या खात्याच्या कामाचा आरंभ बहुधा सामान्य मालकाच्या तक्रारीपासून होतो. एकाच तक्रारीने काही सिद्ध होत नाही. परंतु एकाच जातीच्या वाहनाविषयी एकाच प्रकारच्या तक्रारी निरनिराळ्या गावांहून येऊ लागल्या की तेथील अधिकारी त्या एकत्र मांडून पाहतात. मग प्राथमिक चौकशी होते. कंपनीकडून विक्रीचे, अपघातांचे व दुरुस्तीचे आकडे मागविले जातात. संशय बळावल्यास यंत्रतज्ज्ञांची सखोल तपासणी होते आणि शेवटी वाहने परत बोलवा असे कंपनीस सांगितले जाते. कंपनी न ऐकल्यास प्रकरण न्यायालयापर्यंत जाऊ शकते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कंपन्याच पुढाकार घेतात, कारण दोष आहे असे ठरल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत खात्यास कळविणे त्यांना बंधनकारक आहे. ते लपविल्यास भारी दंड होतो.

मिनीव्हॅनच्या इतिहासात या पद्धतीची खरी कसोटी क्रायस्लर कंपनीच्या वाहनांच्या बाबतीत लागली. या कंपनीने 1984 च्या मॉडेलपासून डॉज कॅराव्हॅन व प्लिमथ व्हॉयेजर या नावांनी मिनीव्हॅन बाजारात आणली आणि ती अमाप खपली. या वाहनाचे मागचे दार वर उचलले जाते व खाली एका खिटीने बंद राहते. कित्येक अपघातांत असे दिसून आले की धक्का बसताच ती खिटी सुटते, दार उघडते आणि आतील माणसे, त्यांतही मुले, रस्त्यावर फेकली जातात. 1993 च्या अखेरीस सरकारी चौकशी सुरू झाली. फेकली गेलेली माणसे बहुतांशी पट्टा न बांधलेली होती, तेव्हा दोष खिटीचा नव्हे, असा कंपनीचा युक्तिवाद होता. दारांच्या खिट्यांविषयी सरकारी मानक होते. पण ते बाजूच्या दारांपुरते होते, मागच्या दारास लागू नव्हते. म्हणजे कायद्याच्या अक्षराप्रमाणे कंपनीने काहीच मोडले नव्हते!

मार्च 1995 मध्ये कंपनीने 1984 ते 1995 या मॉडेलांच्या 40 लाखांहून अधिक वाहनांच्या खिट्या विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले. पण दोष मान्य केला नाही आणि त्यास रिकॉल हे नावही दिले नाही. ‘ग्राहकांच्या समाधानासाठी सेवा’ असे त्याचे स्वरूप ठेवले. आमच्या मते येथेच खरी चूक झाली. आपले वाहन सदोष आहे असे कळल्यावर मनुष्य कामधंदा सोडून कारखान्यात जातो. सेवा मिळते आहे असे कळल्यावर तो पुढच्या महिन्यावर टाकतो. 1994 साली अशाच एका अपघातात दक्षिण कॅरोलिना राज्यातील सहा वर्षांचे एक मूल मागच्या दारातून बाहेर फेकले जाऊन मरण पावले होते. त्या खटल्यात 1997 साली ज्यूरीने 26 कोटी 25 लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. त्यांतील 25 कोटी केवळ दंडादाखल होते. पुढे 2001 साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरविला. पण या प्रकरणाचा एक परिणाम टिकला. दारांच्या खिट्यांचे सरकारी मानक सप्टेंबर 1997 पासून मागच्या दारांसही लागू झाले.

त्यानंतरची उदाहरणे पुष्कळ आहेत. 2016 साली टोयोटाने सिएना या मिनीव्हॅनची अमेरिकेतील सुमारे 7 लाख 44 हजार वाहने परत बोलाविली. बर्फाने गोठून किंवा अन्य कारणाने सरकते दार अडकले तर मोटारीवर ताण येऊन फ्यूज जाई आणि दाराची खिटी अर्धवट सुटलेल्या स्थितीत राही. मग चालत्या वाहनात दार उघडण्याचा संभव होता. 2022 च्या फेब्रुवारीत क्रायस्लर पॅसिफिका या विजेवरही चालणाऱ्या मिनीव्हॅनची 16,741 वाहने बोलाविली गेली. त्यांतील 12 वाहनांना आग लागली होती व त्या आगी वाहन बंद उभे असताना लागल्या. दुरुस्ती होईपर्यंत वाहन घराबाहेर, इमारतीपासून दूर उभे करा व बॅटरी भरू नका, असे मालकांना सांगण्यात आले.

हे वाचताना आम्हांस आमच्याच धंद्यातील एक प्रसंग आठवला. एका पावसाळ्यात आम्ही तूरडाळीची साठ पोती किरकोळ दुकानदारांस दिली. आठवड्याने त्याच थप्पीतील उरलेले पोते सोडले, तेव्हा आत ओल लागून बुरशी धरलेली दिसली. वानगी पाहिली तेव्हा डाळ कोरडी होती. आम्ही जाणूनबुजून काही केले नव्हते. पण ते पोते पाहिल्यानंतर आमची स्थिती बदलली. दोष न कळता माल विकणे आणि कळल्यावर गप्प बसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या शास्त्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे, तो दुसऱ्या गोष्टीलाच जवळचा. वहीत प्रत्येक पोते कोणाकडे गेले ते लिहिलेले होते, म्हणून माणूस पाठवून चोपन्न पोती परत आणता आली. सहा पोती विकून गेली होती. त्यांचे पुढे काय झाले हे आम्हांस आजवर कळले नाही आणि त्याची रुखरुख अद्याप आहे.

वाहनांच्या बाबतीत वहीचे काम वाहनाचा क्रमांक करतो. अमेरिकेत प्रत्येक वाहनास 17 अक्षरांकांची ओळख असते. ती सरकारी संकेतस्थळावर घातली की रिकॉलचे काम शिल्लक आहे काय ते तत्काळ समजते. पत्र मात्र नोंदलेल्या पत्त्यावर येते. घर बदलले व पत्ता कळविला नाही, तर पत्र जुन्या घरी जाते. शिवाय रिकॉल शिल्लक असलेले नवे वाहन तेथील विक्रेत्यास विकता येत नाही. पण जुन्या वाहनास देशव्यापी कायद्याने अशी बंदी नाही. आपल्या समाजाची अनेक मुले तेथे शिकावयास जाऊन प्रथम जुनेच वाहन घेतात, त्यांनी पैसे देण्यापूर्वी हा क्रमांक अवश्य तपासावा. पहिल्या विक्रीपासून 15 वर्षांपर्यंतच्या वाहनाची रिकॉलची दुरुस्ती विनामूल्य होते. वाहन कितव्या मालकाकडे आहे हे पाहिले जात नाही. आमच्या कन्येच्या वाहनाचे काम दोन तासांत झाले व पावतीवर रक्कम शून्य होती.

आपल्या देशात ही व्यवस्था उशिरा आली. वाहन उत्पादकांच्या संघटनेने जुलै 2012 मध्ये स्वेच्छेची आचारसंहिता केली. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 110-अ हे कलम आले व त्याखालील नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. आता दोष सिद्ध झाल्यास वाहने परत बोलाविण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. हे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांस लागू आहेत आणि दंड 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत आहे. सप्टेंबर 2021 मध्ये मारुती सुझुकीने अर्टिगासह पाच पेट्रोल मॉडेलांची 1,81,754 वाहने बोलाविली होती. तपासणी होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून वाहन नेऊ नका, अशी सूचना मालकांना होती. आमच्याकडील पावसात ती पाळणे किती कठीण आहे हे निराळे सांगावयास नको.

आपल्या सभासदांपैकी अनेकांकडे अशी सात माणसांची वाहने आहेत व पुष्कळांनी ती दुसऱ्या हाताने घेतलेली आहेत. कंपनीकडे पहिल्या मालकाचाच दूरध्वनी असतो, त्यामुळे निरोप त्यालाच जातो. तरी नोंदणी पुस्तकातील चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहावा, अथवा अधिकृत कारखान्यात नेऊन विचारावे. आणि वाहनात खरोखरच धोक्याचा दोष आढळला, तर केवळ मिस्त्रीस सांगून न थांबता केंद्र सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर तक्रार लिहून नोंदवावी. किती तक्रारी आल्यावर चौकशी सुरू व्हावी हे त्या मॉडेलच्या वार्षिक विक्रीवरून ठरते, आणि तोंडी सांगितलेली तक्रार त्या मोजणीत धरली जात नाही.