पाण्याच्या काठाने सिन्नर : यादवांची मंदिरे, सह्याद्रीचे गड आणि गोदावरीचा जलाशय

मोसमी वारे इगतपुरीजवळ सह्याद्रीची मुख्य रांग ओलांडून पूर्वेकडे सरकतात तेव्हा त्यांतील पाण्याचा मोठा वाटा घाटमाथ्यावरच ओतून झालेला असतो. त्यामुळे इगतपुरीत वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असला, तरी तिच्यापासून काही कोसांवरचा सिन्नर तालुका, विशेषतः त्याचा पूर्व भाग, पर्जन्यछायेत म्हणजे डोंगराने पाऊस अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या पट्ट्यात येतो. तालुक्याच्या पश्चिमेच्या डोंगरांतून निघणारी देव नदी पूर्वेकडे वाहत गोदावरीला मिळते, तर म्हाळुंगी नदी दक्षिणेकडे वळून संगमनेरजवळ प्रवरेत जाते. म्हणजे सिन्नरची भूमी हा दोन नद्यांच्या खोऱ्यांमधला जलविभाजक, दोन्हीकडे पाणी देणारा आणि स्वतःजवळ फारसे न ठेवणारा उंचवटा आहे. या परिसरातील मंदिरे, गड, वाडे आणि बंधारे एकेकटे पाहिले तर ती वेगवेगळ्या शतकांतील सुटी अवशेषस्थळे वाटतात, परंतु पाणी कुठे सापडते, कुठे साठवावे लागते आणि त्याच्या वाटेवर कोण बसतो या क्रमाने ती पाहिली, की त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो. शिर्डीच्या वाटेवर अर्धा तास थांबून गोंदेश्वराचे दर्शन घेणाऱ्या प्रवाशाच्या हाती नेमका हा संबंध लागत नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

पाहणीची सुरुवात दगडापासून करणे सयुक्तिक ठरते, कारण या प्रदेशातील प्रत्येक वास्तू त्याच्यातूनच उभी राहिली आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून दख्खनचे पठार बनले, आणि थंड होताना त्या रसात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे बेसाल्ट या काळ्या खडकात असंख्य पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या ऊन पाण्याने या पोकळ्यांत स्फटिक वाढवले. त्यांतील झिओलाइट गटाची खनिजे आपल्या जाळीदार रचनेत पाण्याचे रेणू धरून ठेवतात. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील 'गारगोटी' या खनिज संग्रहालयात स्टिल्बाइट, अ‍ॅपोफिलाइट अशा स्फटिकांचे जे नमुने मांडले आहेत, ते एरवी तुटपुंज्या पावसासाठी ओळखल्या जाणाऱ्या या मुलखाच्या खडकात पाण्याने किती दीर्घकाळ काम केले आहे याची साक्ष देतात. इतिहासाच्या अभ्यासकानेही येथे एक फेरी मारावी. मंदिराच्या भिंतीत तो जो पाषाण पाहणार आहे त्याचे अंतरंग त्याला येथे दिसते.

सिन्नरचा लिखित इतिहास यादव घराण्याबरोबर सुरू होतो. नवव्या शतकाच्या मध्यास दृढप्रहार या पुरुषाने चंद्रादित्यपूर, म्हणजे आजचे चांदवड, येथे आपली सत्ता स्थापली, आणि त्याचा पुत्र पहिला सेउणचंद्र याने सेउणपूर नावाचे नगर वसवले. हे सेउणपूर म्हणजे सिन्नर असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि सेउणचंद्राच्या नावावरून या भूप्रदेशाला सेउणदेश ही संज्ञा मिळाली. वंशाच्या या आरंभीच्या पिढ्यांची माहिती मुख्यतः दुसऱ्या सेउणचंद्राच्या शके 991 म्हणजे इ.स. 1069 च्या वसई ताम्रपटातून आणि हेमाद्रीच्या 'व्रतखंडा'तील राजप्रशस्तीतून मिळते. ताम्रपट म्हणजे राजाने दिलेल्या दानाचा तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेला अधिकृत लेख. हे राजे त्या काळी स्वतंत्र नव्हते. प्रथम राष्ट्रकूटांचे आणि नंतर कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक म्हणून ते नाशिक-संगमनेर पट्टा सांभाळत होते. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस स्वातंत्र्य पुकारून देवगिरीला राजधानी हलवली, आणि तेव्हापासून मराठी वाचकाच्या मनात यादव म्हणजे देवगिरी हे समीकरण इतके पक्के बसले की त्याआधीची तीनशे वर्षे, ज्यांत हे घराणे घडले, ती झाकली गेली. त्या तीनशे वर्षांचा सर्वांत ठळक दगडी पुरावा सिन्नरमध्ये आहे.

गावाच्या पूर्वेला एका प्रशस्त आवारात गोंदेश्वराचे मंदिर उभे आहे. ते शैव पंचायतन आहे, म्हणजे मध्यभागी शंकराचे मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणेश, पार्वती व सूर्य यांची चार छोटी देवळे अशी पाच देवालयांची एकत्रित मांडणी. आणि ही पाचही एका उंच, विस्तीर्ण चौथऱ्यावर उभी असल्यामुळे आवारात शिरताक्षणीच संपूर्ण रचना एका नजरेत येते. महाराष्ट्रात इतक्या पूर्ण अवस्थेत टिकलेले दुसरे पंचायतन क्वचितच सापडेल. मुख्य मंदिर पूर्वाभिमुख असून समोर स्वतंत्र नंदीमंडप आहे. सभामंडपाला तीन बाजूंनी प्रवेश असून प्रत्येक प्रवेशापुढे मुखमंडप, म्हणजे खांबांवर तोललेली छोटी देवडी, आहे. मंडपातून अंतराळात, म्हणजे मंडप आणि गाभारा यांना जोडणाऱ्या अरुंद दालनात, आणि तेथून गर्भगृहात जाताना उजेड टप्प्याटप्प्याने कमी होत जातो, आणि हा परिणाम स्थपतीने जाणून साधलेला आहे. अधिष्ठानावर, म्हणजे मंदिर ज्या घडीव जोत्यावर उभे आहे त्यावर, गजथर कोरलेला आहे. हत्तींच्या या सलग ओळीमुळे मंदिराचा सारा भार त्यांच्या पाठीवर असल्याचा भास होतो. अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी प्रणालिका मकरमुखी आहे, आणि तिच्यासाठी कारागिराने घेतलेले कष्ट पाहिले, की गाभाऱ्यातून निघणाऱ्या पाण्याच्या धारेलाही तो किती मान देत होता हे लक्षात येते.

या मंदिराचे खरे वैभव त्याच्या शिखरात आहे. ते भूमिज शैलीचे आहे. या शैलीत शिखराच्या चारही बाजूंच्या मध्यावरून एकेक उभा, जाळीदार नक्षीचा पट्टा खालून वरपर्यंत जातो, त्याला लता म्हणतात; आणि दोन लतांमधल्या जागेत लहान लहान शिखराकृती आडव्या ओळींत एकावर एक रचलेल्या असतात, वर जाताना क्रमाने बारीक होत जातात आणि अखेर आमलक या गोल, खाचा पाडलेल्या चक्राकार शिळेपाशी येऊन थांबतात. प्रत्येक आडवी ओळ ही एक भूमी, म्हणजे मजला, मानली जाते. भूमिज शैलीचे माहेर माळवा असून राजा भोजाच्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात तिचे विवेचन आले आहे. महाराष्ट्रात अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर, ज्याच्या शिलालेखात शके 982 म्हणजे इ.स. 1060 हे वर्ष दिले आहे, हे तिचे आरंभीचे उदाहरण आहे, आणि मालेगाव तालुक्यातील झोडगे येथील माणकेश्वर हे दुसरे सुंदर उदाहरण. यात एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. यादव राजा दुसरा भिल्लम हा चालुक्य सम्राट दुसरा तैलप याच्या बाजूने माळव्याच्या परमार मुंजाविरुद्ध लढला होता, आणि भोज हा त्याच मुंजाचा पुतण्या. तरीही पुढच्या पिढ्यांत माळव्याची शिखररचना यादवांच्या नगरात इतक्या आत्मीयतेने स्वीकारली गेली. राजांचे सैन्य ज्या वाटांनी गेले त्याच वाटांनी व्यापारी आणि सूत्रधार, म्हणजे बांधकामाचे मुख्य कारागीर, ये-जा करत होते, आणि त्यांच्या येण्याजाण्यात राजवैराने खंड पडला नाही, असेच यावरून म्हणावे लागते.

मंदिर कोणी बांधले याविषयी परंपरा राव गोविंद या नावाकडे बोट दाखवते आणि गोविंदेश्वर या जुन्या नावाचा आधार देते. शैलीच्या अभ्यासावरून त्याचा काळ अकराव्या-बाराव्या शतकाचा मानला जातो. अशा मंदिरांना सरसकट हेमाडपंती म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील यादव राजांचा मंत्री असल्यामुळे गोंदेश्वराचे श्रेय त्याला देता येत नाही. ही दुरुस्ती किरकोळ नाही. ती केली नाही तर मंदिर देवगिरीच्या वैभवकाळात ढकलले जाते आणि मांडलिक असतानाही एवढे काम उभारणाऱ्या सिन्नरच्या पिढ्यांचा वाटा पुन्हा एकदा दुसऱ्याच्या नावावर जमा होतो.

गावाच्या वायव्येला असलेले ऐश्वर्येश्वर अथवा आयेश्वर मंदिर आकाराने लहान, शिखर हरवलेले आणि म्हणून दुर्लक्षित आहे. त्याची घडण गोंदेश्वराहून वेगळी असून तिच्यावर दक्षिणेकडील, म्हणजे चालुक्यांच्या कर्नाटकी परंपरेचा प्रभाव दिसतो. अंतराळाच्या दारावरील मकरतोरण, म्हणजे दोन्ही टोकांना मकरमुखे असलेली कोरीव कमान, ही त्या परंपरेची खूण आहे आणि सिन्नरच्या सर्व कोरीव कामात तिची बरोबरी करणारे दुसरे शिल्प नाही. हे मंदिर दुसऱ्या सेउणचंद्राच्या पुढच्या पिढीतील ऐरम्मदेवाशी जोडण्याकडे काही अभ्यासकांचा कल आहे. एकाच गावात उत्तरेचे शिखर आणि दक्षिणेचे तोरण पाहायला मिळणे हा योगायोग म्हणता येत नाही. माळवा आणि कर्नाटक यांच्या मधोमध, नाशिकहून संगमनेर-जुन्नरकडे जाणाऱ्या वाटेवर हे नगर होते, म्हणून ते घडले.

मंदिरांकडून वाड्यांकडे वळायचे तर सिन्नरच्या दक्षिणेला डुबेरे हे गाव आहे. पहिला बाजीराव पेशवा याचा जन्म 18 ऑगस्ट 1700 रोजी येथे झाला, कारण त्याची आई राधाबाई ही डुबेऱ्याच्या बर्वे घराण्यातील होती आणि बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीप्रमाणे ती येथे आली होती. बर्व्यांचा वाडा आजही उभा आहे आणि गावालगतच्या डुबेरगडावर सप्तशृंगीचे स्थान आहे.

डुबेऱ्याच्या पश्चिमेला, ठाणगावच्या पलीकडे, डोंगरांची उंची वाढत जाते आणि आड, औंढा, बितनगड व पट्टा या गडांची मालिका सुरू होते. नाशिक आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या सीमेवरील या डोंगरांवर आता पवनचक्क्या फिरताना दिसतात. यांतील पट्टा हा सर्वांत विस्तृत गड मोरोपंत पिंगळे यांनी 1671 मध्ये स्वराज्यात आणला. नोव्हेंबर 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी जालना लुटले, परंतु परतताना संगमनेरच्या परिसरात मोगल सरदार रणमस्तखानाच्या फौजेने मराठ्यांना गाठले. या लढाईत सिधोजी निंबाळकर पडले आणि सैन्याची मोठी हानी झाली. बहिर्जी नाईकांनी आडवाटांनी महाराजांना पट्ट्यावर सुखरूप पोहोचवले, तेथे त्यांनी काही काळ विश्रांती घेतली, आणि म्हणून गडाचे नाव विश्रामगड ठेवले गेले. पुढच्या एप्रिलमध्येच महाराजांचे निधन झाले असल्यामुळे या मुक्कामाला इतिहासात एक वेगळे गांभीर्य आहे. गडावरील अंबारखाना आणि पट्टाई देवीचे मंदिर पाहताना अभ्यासकाने खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांकडे अधिक लक्ष द्यावे. तट पडले तरी गड लढवता येत असे, टाके आटले तर मात्र तो सोडावा लागे. आड किल्ल्यावर तटबंदी जवळजवळ उरलेली नाही, पण टाकी उरली आहेत.

मंदिरे आणि गड यांच्यानंतर, या प्रदेशाच्या पाहणीत ख्रिस्ती वास्तूंसाठी नाशिक शहरात जावे लागते. तेथे चर्च मिशनरी सोसायटीने 1854 मध्ये शरणपूर ही वसाहत स्थापली आणि अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे आश्रय, शिक्षण आणि कारागिरीचे धडे दिले. त्यांपैकी जेकब वेनराइट हा संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या अखेरच्या काळात त्याच्या तांड्याबरोबर होता. मे 1873 मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर त्याने प्रार्थना म्हटली, झाडावर स्मृतिलेख कोरला, आणि एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमधील अंत्ययात्रेत तो उपस्थित होता. गोदाकाठच्या एका शाळेचा विद्यार्थी तेथवर पोहोचला, ही हकीकत शरणपूर रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या नाशिककरांना सांगितली जायला हवी; ती आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

सिन्नरच्या ईशान्येला, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी नांदूर मधमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी दगडी बंधारा बांधण्यात आला. तो साठवणीसाठी नव्हता. दारणा धरणातून सोडलेले पाणी येथे अडवून डाव्या आणि उजव्या कालव्यांत वळवणे हे त्याचे काम होते, आणि त्या कालव्यांवरच कोपरगावकडील उसाची शेती उभी राहिली. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या, आणि सिंचनाच्या दृष्टीने जी हानी होती तिच्यातून पक्ष्यांसाठी एक समृद्ध पाणथळ निर्माण झाली. डॉ. सालिम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. 1986 मध्ये ती अभयारण्य झाली, आणि पुढे रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, महाराष्ट्रातून समाविष्ट झालेले ते पहिले स्थळ ठरले. नदीकाठच्या मध्यमेश्वराच्या परिसरात श्रीरामाने मारीचाला मारल्याची कथा सांगितली जाते. हिवाळ्यात निरीक्षण मनोऱ्यांवरून स्थलांतरित बदके पाहणाऱ्यांनी या देवळापर्यंतही जावे, कारण येथे तीर्थ, बंधारा आणि अभयारण्य ही तीन वेगवेगळ्या काळांची कामे एकाच पाण्यावर उभी आहेत.

सिन्नरच्या स्वतःच्या नदीवर, देव नदीवर, याहून लहान प्रमाणात तीच विद्या फार पूर्वीपासून चालत होती: ठिकठिकाणी बुटके बंधारे घालून, पाणी पाटाने वळवून, उताराच्या बळावर ते शेतांपर्यंत नेले जाई. यांतील अनेक जुने बंधारे आणि पाट गाळाने बुजले होते, ते 'युवा मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन पुन्हा वाहते केले. पर्यटनाच्या कुठल्याही नकाशात या पाटांची नोंद नसते, पण गोंदेश्वराच्या प्रणालिकेजवळ उभे राहिलेल्या अभ्यासकाने तेथून थेट देव नदीच्या एखाद्या चालू बंधाऱ्यावर जाऊन पाट वाहताना पाहावा. त्यासाठी पावसाळा सरता सरताचा, भाद्रपद ते कार्तिक हा काळ सर्वांत योग्य आहे.