चकवा आठवतो, राजा कोण झाला होता ते नाही

सिंधुदुर्गात जत्रांचे दिवस आले की घराघरांत चकव्याच्या गोष्टी निघतात. आमचे आजोबाही सांगायचे. दशावतार बघून अंधारात घरी येताना ओळखीच्याच मळ्यात तीनदा फिरून त्याच आंब्याखाली आले म्हणे! थाप वाटेल, पण तशी ती नाही. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात चालवून पाहिलं. सूर्य-चंद्र दिसेनासे झाले की सरळ चालतोय असं वाटत असतानाच ती गोल फिरू लागली. दिशेतली बारीक चूक पावलागणिक वाढत जाते, तोच हा चकवा.

पण त्या रात्री राजा कोण झाला होता, असं विचारलं की आजोबा गप्प. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आधी फक्त कथानक ठरतं, संवाद कलाकार उभ्या उभ्या रचतो. कागदावर काहीच उरत नाही. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असं उगाच म्हणत नाहीत. पूर्वी हीच मंडळी पेटारे डोक्यावर घेऊन पुढच्या जत्रेला चालत जायची. चकवा त्यांनाही लागला असणारच.

यंदा घरातलं कुणी जुनं माणूस चकव्याची गोष्ट सांगायला लागलं, तर राजाचं नावही विचारा, आणि लिहून ठेवा.