पंचगंगेची फिर्याद

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती यांचा प्रयाग चिखली येथे संगम होतो व पंचगंगा जन्मास येते. तेथून नृसिंहवाडीस कृष्णेला मिळेपर्यंत तिच्या पदरात काय काय पडते, हे नदीकाठच्या माणसास सांगावे लागत नाही. कोल्हापूरचे सांडपाणी वाहून आणणारा जयंती नाला, इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेतील रंगाचे पाणी, साखर कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी! उन्हाळ्यात पात्र केंदाळाने झाकते आणि शिरोळ तालुक्यात मेलेल्या माशांचा खच पडतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीच्या साथीने माणसे दगावली. त्याच सुमारास पंचगंगेचा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला.

नदी स्वतः वकीलपत्र देऊ शकत नाही. ज्याच्या हक्कास बाध आला त्यानेच दाद मागावी, हा जुना दंडक पाळला असता तर तिची फिर्याद कधीच दाखल झाली नसती. हा दंडक शिथिल करण्याचे श्रेय मुख्यतः दोन न्यायमूर्तींकडे जाते. मुंबई कामगार सभेच्या १९७६ मधील खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याची दिशा दाखविली. १९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यात न्या. भगवती यांनी तिला भक्कम आधार दिला. तेव्हापासून दुर्बलांच्या वतीने कोणत्याही सद्हेतू नागरिकास न्यायालयात जाता येऊ लागले. पुढे १९९१ मध्ये, प्रदूषणमुक्त पाणी व हवा हा घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

नगरपालिका व महानगरपालिका निधीच्या अभावाची सबब नेहमीच पुढे करतात. रतलामच्या नागरिकांनी उघड्या गटारांविरुद्ध तक्रार केली, तेव्हा तेथील नगरपालिकेनेही हेच म्हटले होते. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ही सबब नाकारली. सार्वजनिक आरोग्य राखणे हे वैधानिक कर्तव्य आहे. तिजोरी रिकामी असल्याने ते संपत नाही, हा त्या निकालाचा मथितार्थ. पंचगंगेकाठच्या प्रत्येक पालिका सदस्याने तो वाचावयास हवा.

परंतु निकालाने नदी स्वच्छ होत नाही, हेही तितकेच खरे. पंचगंगेच्या प्रकरणी नीरीचा अभ्यास झाला, विभागीय आयुक्तांची देखरेख आली, कसबा बावड्यास दररोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. तरीही मासे मरतच राहिले. याचे कारण कायद्यात शोधण्याची गरज नाही. जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ पासून अस्तित्वात आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची, आणि प्रदूषण करणाऱ्यासच भरपाई द्यावयास लावण्याच्या तत्त्वावरील निष्ठेची. म्हणूनच जनहित याचिका चालविणाऱ्या वकिलाचे खरे काम आदेश मिळाल्यानंतर सुरू होते. पाण्याचे नमुने तपासून घेणे, मुदती मोजणे, प्रतिज्ञापत्रातील आश्वासन आणि नाल्यातील वास्तव यांतील अंतर पुन्हा पुन्हा न्यायालयापुढे मांडणे, हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात फीही नाही. प्रसिद्धीसाठी याचिका करणारे येथेच गळतात. न्यायालयांनी अशांना दंड केल्याची उदाहरणे कमी नाहीत.

आजवर या कामास मुंबईचे अंतर आडवे येत असे. एका तारखेसाठी रात्रीचा प्रवास, दिवसाचा खोळंबा आणि खर्च हे सामान्य याचिकाकर्त्याच्या शक्तीबाहेरचे होते. चाळीसहून अधिक वर्षांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या दारी न्याय आला. त्यासाठी लढलेल्या वकीलवर्गावर आता नवी जबाबदारी आली आहे. हे बेंच केवळ जमिनीच्या वादांचे व जामीनअर्जांचे ठिकाण व्हावयाचे, की ज्यांना बोलता येत नाही त्यांचेही गाऱ्हाणे तेथे ऐकले जावयाचे? नदी न्यायालयापासून आता हाकेच्या अंतरावर आहे. तिच्या वतीने उभे राहणारा कोणी आहे काय, एवढाच प्रश्न उरला आहे.