कर्ज फिटेनासे झाले तर : नादारीच्या अर्जाविषयी थोडेसे



संत्र्याचा बहार गळतो, कपाशीला भाव मिळत नाही, मुलीचे लग्न तर करावेच लागते. कर्ज कसे वाढते हे पांढुर्णा-सौंसरच्या शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको. आमच्याकडे येणारे पुष्कळदा दबक्या आवाजात एकच विचारतात, "फादर, आता तुरुंगात जावे लागेल काय?" त्याचे उत्तर आधी देतो. फेडण्याची ऐपतच नसेल तर केवळ दिवाणी कर्जापायी कोणाला कैदेत टाकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले. पैसा असून दडविणाऱ्याची गोष्ट निराळी. न वटलेल्या चेकचीही निराळी. तो फौजदारी मामला होतो.

कायद्यात आणखी एक दार आहे, ते फारसे कोणी ठोठावत नाही. ते म्हणजे 1920 चा प्रांतिक नादारी अधिनियम. दिवाळखोरीचा नवा कायदा 2016 साली झाला खरा. पण त्यातील व्यक्तींसंबंधीचा भाग, कंपन्यांचे जामीनदार वगळता, हे लिहीपर्यंत सामान्य माणसाला लागू झालेला नाही. म्हणून आपल्या भागात जुनाच कायदा चालतो. कर्ज 500 रुपयांहून कमी नसेल आणि ते फेडणे अशक्य असेल, तर कर्जदार स्वतः जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकतो. अर्जात सारी देणी, सारे धनको आणि सारी मालमत्ता लिहावी लागते. न्यायालयाने नादार ठरविले की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या हाती जाते आणि धनकोंना हिश्शाने वाटली जाते. त्यानंतर न्यायालयाच्या परवानगीवाचून कोणा धनकोला स्वतंत्र दावा लावता येत नाही. पुढे ठरवून दिलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज करावयाचा असतो. तो मंजूर झाला की उरलेले बहुतेक कर्ज सुटते. सरकारी देणे आणि लबाडीने काढलेले कर्ज मात्र सुटत नाही.

"मग जमीन गेलीच ना?" सरसकट नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, शेतीची अवजारे, पोटापुरते बैल व बियाणे, शेतकऱ्याचे राहते घर यांना दिवाणी संहितेचे संरक्षण आहे. शिवाय मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 165 प्रमाणे ओलिताची 5 एकर किंवा कोरडवाहू 10 एकरपर्यंतची जमीन जप्तीतून वाचते, नादारीतही रिसीव्हरकडे जात नाही. पण ती गहाण ठेवलेली असेल तर हे कवच उरत नाही. बँकेचा बोजा आपल्या ऋण पुस्तिकेत चढलेला आहे काय, ते आधी पाहावे. गहाणदार बँकेला नादारीच्या आदेशानेही अडविता येत नाही.

एक चूक फार होते. अर्जापूर्वी घाईघाईने शेत मेहुण्याच्या नावे करून देतात. दोन वर्षांच्या आतील असे फुकट हस्तांतर न्यायालय रद्द करू शकते, आणि मालमत्ता लपविल्यास शिक्षाही आहे. तसेच मुक्तता मिळेपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता 50 रुपयांचीसुद्धा उधारी घेणे गुन्हा ठरते! रक्कम 1920 ची, दटावणी आजची.

ही काही परदेशातून आलेली पळवाट नव्हे. 1875 साली सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खाती जाळली. त्यानंतर 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याला नादारीची सोय दिली. आपल्या मध्य प्रांतात 1933 च्या कायद्याने कर्ज तडजोडीची मंडळे निघाली. पवित्र शास्त्रात तर दर सातव्या वर्षी ऋण सोडण्याची आज्ञा आहे (अनुवाद 15). दिवाळखोर हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांनी तो अध्याय एकदा वाचावा, असे आम्हांस वाटते.

तरीही आमचे मत असे की अर्ज हा शेवटचा उपाय. आधी बँकेशी तडजोडीचे बोलावे, किंवा प्रकरण लोक अदालतीत न्यावे. महिला, अनुसूचित जाती-जमाती व अल्प उत्पन्न असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, दूरध्वनी 15100.

आणि हे पान आरोग्याचेही आहे म्हणून लिहितो. घरात कर्जाची चिंता असेल, माणूस रात्र-रात्र झोपत नसेल, तर फवारणीचे औषध घरात ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. 14416 या क्रमांकावर मन मोकळे करण्यास रात्रीही कोणीतरी भेटते. आमचे दारही वाजवा. कागद आणायचे असतील तर सावकाराच्या चिठ्ठ्याही आणा. त्या लाजेने घरीच राहतात.