मातीच्या रिंगणातील घर

आयर्लंड म्हटले की संत पॅट्रिक, संत कोलंबा आणि मठवासीयांची मोठी मांदियाळी आपणांस आठवते. परंतु ही माणसे ज्या लोकांत वावरली ते लोक राहत कसे होते, याचे उत्तर संतचरित्रांत क्वचितच मिळते. ते आयर्लंडच्या शेतांत अजूनही दिसणाऱ्या मातीच्या गोल बांधांत दडलेले आहे. आयरिश भाषेत त्यांस ‘राथ’ म्हणतात, इंग्रजीत ‘रिंगफोर्ट’. गोलाकार खंदक खणावा, निघालेली माती आतल्या कडेने बांधासारखी रचावी आणि मध्ये वस्ती करावी, इतकी साधी ही रचना. अशा सुमारे ४५,००० जागा त्या बेटावर असल्याचे अभ्यासक मानतात. त्यांपैकी बहुतेक इ. स. ६०० ते ९०० या काळातील आहेत.

‘फोर्ट’ या शब्दाने मात्र आपली फसगत होते. काही थोड्या रिंगणांत राजे राहिले हे खरे, पण बहुतेकांत सैन्य नव्हते, तोफा तर नव्हत्याच. तेथे शेतकऱ्याचे कुटुंब राहत असे. त्या समाजात संपत्ती गाईंत मोजली जाई, कायद्यातील दंडही दुभत्या गाईंच्या हिशोबाने ठरत. साहजिकच गुरे पळविणाऱ्या टोळ्यांची भीती असे, आणि बांध होता तो त्यांच्यासाठी.

अशा वस्तीचे लाकूडकाम सहसा कुजून जाते. उत्खननात हाती लागतात ते खांबांचे खड्डे आणि चुलीची राख. अँट्रिम परगण्यातील ग्लेनार्म खोऱ्यात ‘डिअर पार्क फार्म्स’ येथे मात्र वेगळेच घडले. शेतीसुधारणेसाठी तेथील राथ सपाट होणार होता, म्हणून १९८४ ते १९८७ या काळात ख्रिस लिन यांनी त्याचे उत्खनन केले. तळाचे थर सतत ओले राहिल्यामुळे हवा आत शिरली नव्हती आणि तेराशे वर्षांपूर्वीची घरे तशीच दबून राहिली होती. हेझल झाडाच्या छड्या टोपलीसारख्या विणून केलेल्या त्या कुडाच्या भिंती. भिंत एकेरी नव्हे, दुहेरी. मधल्या पोकळीत गवतपाला ठासलेला, म्हणजे थंडी आत येऊ नये. घरे गोल, काहींना मागे दुसरी लहान गोल खोली जोडलेली. एका दाराच्या ओक लाकडी चौकटीचे झाड इ. स. ६४८ मध्ये तोडले गेले, हे त्यातील वर्षवलयांवरून निश्चित झाले. संत कोलंबनुस इटलीतील बोबिओ येथे ६१५ मध्ये निधन पावले, संत एडन ६३५ मध्ये लिंडिसफार्नला पोहोचले. म्हणजे हे दार त्याच काळातले!

आत सापडले ते अगदी घरगुती. डहाळ्यांचे बिछाने, जोडे शिवण्याचा लाकडी साचा, निळा रंग देणाऱ्या वोड वनस्पतीचे अवशेष. इतकेच काय, माणसांच्या उवा आणि पिसवाही! आमच्या मते या उवाच सर्वांत प्रामाणिक साक्षीदार होत. कोणा चरित्रकाराने त्या लिहून ठेवल्या नसत्या.

वस्ती उठून गेल्यावरही रिंगणे टिकली. ती परीलोकांची घरे आहेत, त्यांस नांगर लावल्यास अरिष्ट येते, अशी लोकांची समजूत होती. या भीतीने अनेक बांध वाचविले. पण आणखी एका कारणासाठी लोक तेथे जात. स्नानसंस्काराआधी दगावलेल्या बालकांना पवित्र केलेल्या दफनभूमीत जागा मिळत नसे. तेव्हा बाप रात्री मूल घेऊन एखाद्या निर्जन जागी जाई, आणि ती जागा पुष्कळदा जुना राथ असे. अशा जागांना ‘किलीन’ म्हणतात. काही ठिकाणी ही प्रथा विसाव्या शतकापर्यंत चालू होती. निनावी, बिनकोरीव दगड हीच काय ती खूण.

एप्रिल २००७ मध्ये, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने, आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने या बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे, असे प्रतिपादन केले. आयर्लंडमधील कित्येक किलीनांवर आता स्मृतिशिला उभ्या आहेत, आणि धर्मगुरू त्या जागांना आशीर्वाद देतात.